बेड नंबर सतरा आणि थंड झालेला डबा

"ताई, मी एका जिल्हा रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. वय 41, नोकरीला 17 वर्षं झाली. वॉर्ड 30 खाटांचा, पण पेशंट कायम पंचेचाळीस-पन्नास. बाकीचे खाली गाद्या टाकून. नाईटला आम्ही दोघी. मागच्या महिन्यात पहाटे साडेचारला सतरा नंबरचे आजोबा गेले. त्यांचा मुलगा कॉटची दांडी धरून उभा होता, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आता बॉडीचे कागद, म्हणजे सहाची इंजेक्शनं लांबणार, पुढच्या पाळीला हँडओव्हर नऊवर जाणार, आणि डबा तर तसाच राहिला. वाईट वाटलंच नाही. घरी येऊन आंघोळ करताना लक्षात आलं, आठ दिवस मी त्यांना 'सतरा नंबर'च म्हणत होते. नाव आठवेना. परवा तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, 'आई, तू माझ्याशी पण नातेवाइकांशी बोलतेस तसंच बोलतेस.' पूर्वी मी अशी नव्हते. नवीन असताना पेशंट गेला की दोन दिवस घास उतरायचा नाही. आता सुट्टीच्या दिवशीसुद्धा उद्याच्या ड्यूटीच्या विचाराने पोटात गोळा येतो. यांना सांगितलं तर म्हणतात, सरकारी नोकरी आहे, लोक तरसतात. माझ्यातली माया संपली का? मी दगड झाले का? राजीनामा द्यावा का?" – एक सिस्टर, मराठवाडा

सिस्टर,

पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा डब्यापाशी थांबले. मी स्वतः एकतीस वर्षं वॉर्डात काढली, शेवटची नऊ परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून. त्यामुळे अहो-जाहो करत बसत नाही, सरळ 'अगं' म्हणते.

रात्री आठपासून उभी असलेली, पाण्याचा घोटही धड न घेतलेली बाई पहाटे साडेचारला डब्याचा विचार करते. मला त्यात भूक दिसते. आणि दगडाला आंघोळ करताना कुणाचं नाव आठवत नाही म्हणून जीव जात नाही.

आता माझं ऐक. नोकरीच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी मी बालरोगच्या वॉर्डात होते. एका बाईचं सहा महिन्यांचं मूल गेलं, ती हंबरडा फोडून रडायला लागली. मी लांबूनच म्हणाले, "अहो, आवाज कमी करा, बाकीची मुलं उठतील." ट्रॉली ढकलत पुढे गेलेसुद्धा. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं, तो आवाज आजही कानात आहे. त्या बाईने तोंडात पदर कोंबला. वॉर्डात काम करणाऱ्या मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मी नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुला सांगतेय, कारण सतरा नंबरबद्दल तूही कुणाला बोलली नसशील.

तुला झालंय त्याला नाव आहे. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून रात्री गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथे जीव ओतून काम करणारी माणसं काही महिन्यांत चिडचिडी, कोरडी, थकलेली होताना त्यांनी पाहिली, आणि स्वतःलाही तसंच होताना पाहिलं. 1974 साली त्यांनी त्यावर लिहिलं आणि 'बर्नआउट' हा शब्द रुजला. म्हणजे हा शब्द ऑफिसातल्या साहेबलोकांसाठी जन्मलेला नाही. आपल्यासारख्यांच्याच दवाखान्यातून तो बाहेर गेला आणि आता सगळेच वापरतात.

पुढे ख्रिस्तिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या. अंगातलं आणि मनातलं त्राण जाणं, समोरचा माणूस माणूस न वाटता केस वाटू लागणं, आणि आपण करतो त्याने काही होत नाही असं वाटणं. पहिली खूण म्हणजे तुझा पोटातला गोळा. दुसरी, बेड नंबर सतरा. तिसरी तुझ्या पत्रात स्पष्ट नाही, पण राजीनाम्याच्या प्रश्नात तिची चाहूल लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला आपल्या आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या जागी सतत राहिलेला आणि नीट न हाताळला गेलेला ताण, अशी त्याची व्याख्या केली. केसपेपर काढायचाच झाला तर तो तुझ्या वॉर्डाच्या नावाने काढायला हवा.

मन बधिर होणं हा मला तरी घट्टा वाटतो. खुरपं धरणाऱ्या बाईच्या तळहाताला पडतो तसा. रोज तिथेच घासलं तर कातडी जाड होणारच, नाहीतर रक्त येईल. पहिल्या वर्षी तुला घास उतरत नव्हता. सतरा वर्षं तसंच चाललं असतं तर तू या नोकरीत टिकलीच नसतीस. थोडा घट्टा प्रत्येक चांगल्या नर्सला असतो, असावाच लागतो. तुझा आता इतका जाड झालाय की मुलीच्या गालावरून हात फिरवताना तिला तो लागतो. काळजी करायची ती याची.

अशा वेळी लोक म्हणतात, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. चार दिवस माहेरी जा, ध्यान कर, पहाटे उठून प्राणायाम कर. आमच्याकडेही ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा व्हायची, सकाळची ड्यूटी संपल्यावर, दुपारी अडीचला, हजेरी सक्तीची. दिवे मालवून "डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या" म्हणाले की मागच्या दोन रांगा घोरायला लागायच्या. तेवढा उपयोग झाला हे मान्य करते. पण तुझ्या आडात पाणी आहे. पोहरेच फार पडलेत.

कागद घे, हिशेब करू. वॉर्डात 48 पेशंट, तुम्ही दोघी, म्हणजे तुझ्या वाट्याला 24. रात्री आठ ते सकाळी आठ, 720 मिनिटं. रात्री दहाची आणि सकाळी सहाची इंजेक्शनं, एका पेशंटला दर वेळी फक्त पाच मिनिटं धरली, तरी 240 मिनिटं गेली. रात्रीत दोन नवीन अ‍ॅडमिशन, प्रत्येकी 40 मिनिटं, झाली 80. नोंदी, रिपोर्ट बुक, सेन्सस म्हणजे पेशंटची मोजदाद, हँडओव्हर यांचे दोन तास. उरली 280 मिनिटं. भागिले 24. रात्रभरात एका माणसाला बारा मिनिटंही येत नाहीत. त्यातच ताप-बीपी, शुगर, संपलेली सलाईन, भरलेली युरिन बॅग, कुणाचा श्वास लागला म्हणून धावणं, नातेवाइकांचे प्रश्न, डॉक्टरांना कॉल. तुझं लघवीला जाणं आणि डबा यात कुठेच धरलेला नाही. आणि एक मृत्यू झाला की त्यातला तासभर आणखी जातो. आठ दिवसांत त्या आजोबांचं नाव तुझ्या डोक्यात कधी शिरणार होतं, तूच सांग.

भारतीय परिचर्या परिषदेचं मानक सर्वसाधारण रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका, आणि शिकवणाऱ्या रुग्णालयासाठी तीनमागे एक असं आहे. तू चोवीस सांभाळतेस. लिंडा एकेन या स्वतः नर्स असलेल्या संशोधक. त्यांनी 2002 साली पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास छापला. एका नर्सवर एक पेशंट वाढला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि त्या नर्सला बर्नआउट होण्याची 23 टक्क्यांनी. हे एका जादा पेशंटमागे, आणि तिथे एका नर्सकडे साधारण चार ते आठ पेशंट असायचे. तुझी चोवीसची अवस्था त्यांच्या तक्त्यात बसलीही नसती. कॅलिफोर्नियात तर एका नर्सकडे किती पेशंट याचा कायदाच केला, 1999 मध्ये मंजूर झाला आणि 2004 पासून लागू. आपल्याकडे 12 मे ला, परिचारिका दिनी, गुलाबाचं फूल, सामोसा आणि देवदूत म्हणून भाषण. देवदूताला पाळी येत नाही, आणि त्याच्या मुलीची सहामाही परीक्षाही नसते.

तुझ्या पत्रात न लिहिलेली एक गोष्ट मला ओळींच्या मधे दिसते. थकलेलं माणूस झोपून उठलं की बरं होतं. तू होत नाहीस, कारण सुट्टीच्या दिवशीही तुला माहीत असतं, काय करायला हवं होतं आणि काय करता आलं नाही. आजोबांची पाठ दोन-दोन तासांनी बदलायची होती, बदलली गेली नाही. मुलाला बाजूला घेऊन "आता फार वेळ नाही" असं सांगायचं होतं, कुणीच सांगितलं नाही. योग्य काय ते कळतंय, पण जागा आणि माणसंच अशी की ते करता येत नाही, या कोंडीवर नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्येच नर्सिंगच्या संदर्भात लिहून ठेवलंय. नैतिक क्लेश म्हणू आपण त्याला. हा क्लेश प्राणायामाने जात नाही. ज्याची माया संपलीय त्याला तो होतही नाही.

मग करायचं काय? मी केलं ते सांगते, त्यातलं तुला झेपेल ते घे.

आधी रिपोर्ट बुक. आपण त्यात फक्त केलेलं लिहितो. न झालेलं लिहायला घाबरतो, उद्या आपल्याच अंगावर येईल म्हणून. मी रोज एक ओळ जास्तीची लिहायला सुरुवात केली: "एकूण रुग्ण 46, पैकी जमिनीवर 14, परिचारिका 2, कक्षसेवक 0. मनुष्यबळाअभावी चार रुग्णांची पाठ बदलणे शक्य झाले नाही." भाषा कोरडी ठेवायची, कुणावर ठपका नाही, ना डॉक्टरांवर ना मामा-मावशींवर, म्हणजे कक्षसेवकांवर. बरोबरच्या सिस्टरलाही तसंच लिहायला लावलं. पहिल्या आठवड्यात इन्चार्ज मॅडम चिडल्या, "हे कशाला लिहिता?" तीन महिन्यांनी त्याच आकड्यांचा एक पानी तक्ता करून आम्ही सात जणींनी सह्या केल्या आणि अधिसेविकांकडे, म्हणजे मेट्रनकडे दिला, आवक क्रमांक घेऊन. आवक क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज म्हणजे चहाच्या कपाखालचा कागद. काय मिळालं? तिसरी सिस्टर नाही मिळाली. रात्री आठ ते बारा एक मामा मिळाले आणि नवीन अ‍ॅडमिशन दोन वॉर्डांत वाटून द्यायचा आदेश निघाला. फार नाही. पण माझ्या पाठीवरचं ओझं त्या वहीवर गेलं. काय राहिलं ते आता फक्त माझ्या पोटात नव्हतं, सरकारी दप्तरात होतं. एकटीने मात्र हे करू नकोस. एकटीचा अर्ज तक्रार ठरतो. आणि तुमच्यात कंत्राटी मुली असतील तर त्यांची सही पहिली नको. त्यांची ऑर्डर अकरा महिन्यांची असते, तुझी कायम आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सगळ्यांना ठाऊक आहे. तिने 1859 मध्ये शुश्रूषेवर जे लिहिलं त्यातलं एक प्रकरण फक्त व्यवस्थेवर आहे. तू हजर असताना जे करतेस ते तू नसतानाही होईल अशी सोय लावता आली नाही, तर बाकीची सगळी सेवा वाया जाते, असं ती त्यात म्हणते. मला ही बाई तेव्हा आवडायला लागली. मुंबईत हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची काळजी त्यांच्या सहकारी परिचारिकांनी 1973 पासून 2015 पर्यंत घेतली, 42 वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात त्याचं कौतुक केलं. लोक त्याला त्यागाची गोष्ट म्हणतात. मी नर्स म्हणून पाहते तेव्हा मला त्यात पाळ्या दिसतात. एक उतरली की दुसरी चढली, एक निवृत्त झाली की नुकतीच लागलेली पोरगी तिच्या जागी. एकच सिस्टर असती तर बेचाळीस दिवसही निघाले नसते. तू मात्र सगळा वॉर्ड आपल्या एकटीच्या मायेवर तोलून धरलायस.

दुसरं, मृत्यू झाल्यानंतरचा एक मिनिट. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, ही रीत सुरू केली: रुग्ण गेला की सगळ्यांनी हातातलं काम थांबवून क्षणभर गप्प उभं राहायचं. तुझ्या वॉर्डात सगळे थांबणार नाहीत, सलाईन थांबत नाही. तू एकटी थांब. केसपेपर उघड, नाव वाच, ओठांतल्या ओठांत एकदा म्हण, मग त्यांचे डोळे मिटव आणि कागदांना लाग. मिनिटभरच. त्याने रडू येईल असं नाही, आलंच पाहिजे असंही नाही. पण मग आंघोळीच्या वेळी नाव शोधत बसावं लागणार नाही.

तिसरं, वॉर्ड बदलून माग. मेडिसिन किंवा कॅज्युअल्टीत सलग चार-पाच वर्षं झाली असतील तर सहा महिने लसीकरण, ओपीडी, प्रसूतीपूर्व तपासणी, कुठेही. "पळून गेली" म्हणणाऱ्या दोघी-तिघी निघतीलच. म्हणू देत. मी वर्षभर लसीकरणात होते. टोचल्यावर रडणारी, पण जिवंत आणि गुबगुबीत मुलं रोज पाहणं हेही औषधच आहे. परत वॉर्डात आले तेव्हा हात थोडे मऊ झाले होते.

रजेचं खातंही एकदा उघडून बघ. आपल्या बायका अर्जित रजा साठवून ठेवतात, निवृत्तीला पैसे मिळतील म्हणून. साठव, पण सगळी नको. मुलगी तेराची आहे. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना 2018 पासून मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. तिची वार्षिक परीक्षा येते तेव्हा त्यातले पंधरा दिवस तरी माग. आस्थापनेतला बाबू "बघू" म्हणेल. लेखी अर्ज दे.

मुलीचं बोलणं लागलं ना? लागू दे, पण तिच्यावर रागावू नकोस. तिने तुला खरं सांगितलं, तेही घाबरत असेल. तिला आजोबांची गोष्ट सांग. सगळी नको, एवढीच की एक माणूस गेला आणि मला त्याचं नाव आठवलं नाही, म्हणून मी तुझ्याशी तशी बोलते. तेराव्या वर्षी मुलींना आईच्या नोकरीतलं आपल्या अंदाजापेक्षा जास्त कळतं. आणि नाईट उतरून आल्यावर पहिला तास तुझा, हे घरात ठरवून टाक. त्या तासात "आई, माझा डबा कुठंय" नाही, विजेचं बिल नाही. यांनाही सांग. लोक सरकारी नोकरीला तरसतात हे खरंय, पण तरसणाऱ्यांपैकी कुणी मेडिसिन वॉर्डातली नाईट पाहिलेली नसते. जमलं तर एकदा रात्री अकराला डबा द्यायला त्यांनाच बोलव. दारातून आत नजर टाकू दे. पुढचं तुला बोलावं लागणार नाही.

आता जरा गंभीर. सुट्टीच्या दिवशीही काहीच गोड लागत नसेल, नाईट नसतानाही पहाटे तीनला डोळे उघडत असतील, मुलीचं हसूही आतपर्यंत पोचत नसेल, आणि हे दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर तो नुसता वॉर्डाचा थकवा नाही, नैराश्य असू शकतं. त्याला औषधं आहेत, तू रोज दुसऱ्यांना देतेस तशीच. मरणाचा विचार एकदा जरी येऊन गेला असेल तर आजच 14416 ला फोन कर. टेली मानस आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपल्याच रुग्णालयातल्या मनोविकार ओपीडीत रांगेत उभं राहायला लाज वाटते, हे मला कळतं, सगळे ओळखीचे असतात. मग शेजारच्या जिल्ह्यात जा. पण जा.

राजीनाम्याचं विचारलंस. देऊच नकोस असं मी म्हणणार नाही. चांगल्या सिस्टर सोडून गेल्यात, आणि त्यांचं काही वाईट झालेलं नाही. फक्त नाईटच्या आठवड्यात आणि नाईट उतरल्यावर दोन दिवस तो कागद हातात धरू नकोस. वॉर्ड बदलून मिळाल्यावर, रजा घेऊन आल्यावर, तक्ता दिल्यावर सहा महिने बघ. तरीही पोटातला गोळा तसाच राहिला तर मला परत लिही. अर्जाचा मसुदा आपण दोघी मिळून करू, फंड आणि पेन्शनचा हिशेब आधी मांडून.

आणि हो, डबा. रात्री साडेअकराला एकीने खायचा, बाराला दुसरीने, वॉर्डाच्या फळ्यावर वेळ खडूने लिहून ठेवायची, म्हणजे मामा आणि डॉक्टर दोघांनाही दिसते. भात नेऊ नकोस, थंड झाला की गिळवत नाही आणि खाल्ला की झोप येते. ज्वारीची भाकरी, सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी ने. थंड झाली तरी भाकरी चालते.